कै. लक्ष्मीबाई टिळक व त्यांचे उघडे घर

ख्रिस्ती औदार्याची उदाहरणे द्यावयाची झाली म्हणजे आपल्या मनापुढे बहुधा संतांची चरित्रे उभी राहतात. संत मार्टिन यांनी आपला झगा फाडून अर्धा भिकाऱ्यास दिला, संत व्हिन्सेंट दे पॉल यांनी पॅरिसच्या टाकलेल्या बालकांस पोटाशी धरले, या कथा आपल्या मुलांस धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ठाऊक असतात. परंतु ज्यास बायकामुले आहेत, ज्याच्या दारी महिनाअखेरीस वाण्याचे देणे उभे आहे, अशा प्रापंचिकाने उदार व्हावे ते कसे? आणि तो उदार झालाच, तर त्या उदारपणाचा भार घरातील कोणाच्या खांद्यावर पडतो? या प्रश्नाची कोरडी चर्चा करण्यापेक्षा, ज्यांनी तो भार आयुष्यभर वाहिला त्या एका बाईंचे चरित्र सांगणे आम्हांस अधिक बरे वाटते. त्या बाई म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाच्या कर्त्या कै. लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत्या. त्या व त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक हे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. तेव्हा कॅथलिक धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशाला, असे एखाद्या वाचकास वाटणे शक्य आहे. त्यास एवढेच सांगावयाचे की, इतर पंथांतील ख्रिस्ती बांधवांच्या ठायी दिसणारे ख्रिस्ताचे धन आनंदाने ओळखावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालच्या ऐक्यविषयक आदेशात सांगून ठेविले आहे. शिवाय टिळकांची गीते आपल्याही मंडळीच्या ओठी आहेत, आणि ती गाताना आपण कवीचा पंथ कधी विचारीत नाही. असो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी गोखले यांच्या घरी झाला. माहेरचे त्यांचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत सरकारी रोषास बळी पडून फासावर गेले होते. या घटनेचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा विलक्षण परिणाम झाला की, त्यांस सोवळ्याओवळ्याचे अक्षरशः वेड लागले. बाजारातून आणलेला जिन्नस धुऊन शुद्ध केल्यावाचून त्या घरात यावयाचा नाही. मुलांनी कोणास शिवावे, कोणास शिवू नये, कोठे बसावे, कोठे पाऊल टाकावे, याचे नियम इतके की, त्या नियमांखाली घरातील बायकांचा व लेकरांचा जीव गुदमरून जाई. दुसरा मनुष्य म्हणजे विटाळ, आणि विटाळ म्हणजे संकट, हेच त्या कोवळ्या मुलीने जन्मापासून पाहिले. पुढे ज्या घरात कोणत्याही जातीचा, कोणत्याही अवस्थेतला मनुष्य येऊन पानावर बसू शकत असे, त्या घराची धनीण हीच मुलगी झाली, ही गोष्ट ध्यानात ठेविली म्हणजे या चरित्रातील खरे अंतर किती होते याची कल्पना येते.

१८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झालेला. त्यांची आई लवकर निवर्तली व बापाशी पटले नाही, म्हणून पोरवयातच ते घर सोडून नाशिकास आले आणि स्वतःच्या हिमतीवर शिकले. संस्कृतचे व्यासंगी, बोलण्यात ओघ, काव्य तर रक्तातच; पण स्वभावाने अत्यंत चंचल. आज एका गावी शिक्षक, तर उद्या राजीनामा देऊन दुसऱ्या गावी. कधी घरी न सांगताच निघून जावयाचे ते दिवसचे दिवस पत्ता नाही. रागही तसाच अनावर, आणि उतरला की पश्चात्तापही तितकाच उत्कट.

आणि औदार्य! टिळकांच्या हाती पैसा कधी टिकलाच नाही. कोणी अडलेला भेटला की, खिशातले त्याचे झाले. वाटेत कोणी विद्यार्थी, कवी, साधू अगर निराश्रित भेटला की, तो घरी जेवावयास आलाच. आणि त्याच्यासाठी तांदूळ आहेत की नाहीत, ही चौकशी त्यास दारात उभे केल्यानंतर व्हावयाची. डब्यात हात घालून तळ खरवडण्याची पाळी येई ती लक्ष्मीबाईंवर. टिळकांचे गुणगान करणाऱ्या अनेक लेखांत त्यांचा हा स्वभाव मोठ्या कौतुकाने वर्णिलेला असतो, आणि कौतुक करण्यासारखा तो होताही. परंतु आमचे मत स्पष्ट सांगावयाचे तर, जे दान देताना घरातील दुसऱ्या माणसाच्या घासाचा विचार केलेला नसतो, ते दान अर्धेच देणाऱ्याचे असते; उरलेले अर्धे त्या दुसऱ्या माणसाने, न विचारता, दिलेले असते. टिळकांच्या दानशूरपणातील हा उरलेला अर्धा भाग लक्ष्मीबाईंचा होता. प्रारंभी तो त्यांच्याकडून घेतला गेला. पुढे त्यांनी तो आपण होऊन दिला. हा फरक कसा पडला, हेच त्यांच्या आयुष्याचे मर्म आहे.

१८९१ साली त्यांचा मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त, याचा जन्म झाला. त्याच सुमारास टिळक नागपुरास होते, आणि तेथून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जाताना आगगाडीत त्यांची एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. काव्यावरून निघालेले बोलणे धर्मावर आले आणि त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. टिळक ती वाचू लागले ते डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. दोन वर्षे त्यांच्या मनात मोठी खळबळ चालू होती, पण पत्नीस तिचा पुरता थांग लागला नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी लक्ष्मीबाईंवर कशी कोसळली असेल! सोवळ्याच्या घरात वाढलेली सत्तावीस वर्षांची बाई, कडेवर चार वर्षांचे मूल, आणि नवरा जिवंत असून नातलगांच्या दृष्टीने मेल्यासारखा. माहेरच्यांनी त्यांस टाकिले नाही. बराच काळ त्या नातलगांच्या आश्रयाने पंढरपुरास राहिल्या. दुःखाने त्या आजारी पडल्या, खंगल्या. पण आश्चर्याची गोष्ट अशी की, याच विरहात, ज्या बाईस जोडाक्षरे धड लिहिता येत नव्हती, त्या बाईच्या तोंडून कविता बाहेर पडू लागली. पतीने पत्रव्यवहार सोडला नव्हता, मायाही सोडली नव्हती. अखेर मुलास बाप असावा व आपणांस पती, एवढ्या एका विचाराने चार-पाच वर्षांनंतर त्या टिळकांकडे अहमदनगरास गेल्या. गेल्या त्या मात्र अट घालून: आपली चूल निराळी, पाणी आपले आपण भरणार, आणि धर्माविषयी कोणी आग्रह करावयाचा नाही. टिळकांनी ती अट पाळली. त्यांच्या अनेक भरमसाट दानांपेक्षा हे दान आम्हांस अधिक मोलाचे वाटते. कारण उतावळ्या स्वभावाच्या मनुष्याने धीर धरणे म्हणजे त्याने आपल्या गाठीची खरी पुंजी खर्च करणे होय.

निराळ्या चुलीपाशी बसून लक्ष्मीबाई शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांकडे पाहात होत्या. त्यांत पूर्वाश्रमीचे महार होते, मांग होते, ब्राह्मण होते; आणि ती सारी माणसे एकत्र बसत होती. एक दिवस एकट्याच बसल्या असता त्यांच्या मनात विचारांची मालिका सुरू झाली. देवाने स्त्री व पुरुष निर्माण केले हे तर डोळ्यांस दिसते; पशुपक्ष्यांच्या जाती दिसतात; पण मनुष्यांतील या जाती देवाने केल्या याची खूण कोणाच्या अंगावर दिसते? ती खूण त्यांस कोठेच सापडेना. मग त्या जाती माणसांनी केल्या असल्या पाहिजेत. आणि माणसांनी केल्या असतील, तर त्या पाळण्याचे आपणांस कारण काय? विचार येथवर आला आणि त्या उठल्या. यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी आपण घेणार, असा त्यांनी त्याच क्षणी निश्चय केला व तो पाळला. हे त्यांस कोणी पढविले नव्हते, कोणा उपदेशकाने वादात जिंकले नव्हते. पित्याच्या घरी वर्षानुवर्षे शिकलेला धडा एका दुपारच्या विचाराने पुसला गेला. आणि तो पुसला जाणे म्हणजेच त्यांच्या अंतःकरणाचे दार उघडणे होते. बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला.

आमच्या खानदेशी वाचकांपैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी विहिरीवरचा विटाळ भोगलेला आहे. त्यांस या दुपारचे महत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपण पैसा देतो, कपडा देतो, पण आपले ताट दुसऱ्याच्या ताटाशेजारी मांडीत नाही. या अर्थाने पुष्कळ दानी माणसे सोवळ्यातच असतात. लक्ष्मीबाईंपाशी देण्यास पैसा नव्हताच. त्यांनी प्रथम दिले ते आपले सोवळे.

यानंतरचे त्यांचे घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. गेल्या शतकाच्या आरंभीचा तो काळ आपल्या मुलखास फार कठीण गेला. १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दारुण दुष्काळ दख्खनवर पडले आणि त्यांच्या पाठोपाठ प्लेग आला. या संकटांनी पोरकी केलेली मुले मिशनच्या आश्रयास येत, त्यांतील काही टिळकांच्या घरी येत, आणि तेथेच राहात. दत्तू व तारा या आपल्या मुलांबरोबर परक्यांची ही मुले वाढविताना लक्ष्मीबाईंनी किती वेळा आपल्या ताटातले काढून त्यांच्या ताटात घातले असेल, याची गणती त्यांनी ठेविली नाही. आपण कोठून ठेवणार? तथापि त्या काही सोशिकतेची मूर्ती नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. त्या भांडत. टिळकांनी न विचारता माणसे आणली म्हणजे त्या स्पष्ट बोलत, तोडून टाकीत, रुसत. आणि भांडण चालू असतानाच आलेल्या मनुष्यासाठी पिठात पाणी घालीत. ओठांवर तक्रार आणि हातात भाकरी, असे त्यांचे औदार्य होते. आमच्या मते, तक्रार मुळीच न करणाऱ्यांच्या औदार्यापेक्षा ते काही कमी प्रतीचे ठरत नाही; प्रपंचात तरी बहुधा असेच दिसावयाचे.

नगरास प्लेगाचा जोर झाला तेव्हा मिशनच्या शाळेतील आजारी मुलींस गावाबाहेर झोपड्यांत नेऊन ठेवावे लागले. त्यांच्यापाशी राहणार कोण? त्या दिवसांत प्लेगाचा रोगी म्हटला की, सख्खी माणसे घर टाकून पळत. लक्ष्मीबाई आपण होऊन गेल्या. घरी लहान मुले होती, वैद्यकाचे शिक्षण नव्हते. पण गाठी आलेल्या, तापाने बरळणाऱ्या परक्या मुलींच्या उशाशी त्या बसल्या, त्यांचे सारे केले. ज्यांच्या वडिलांस बाजारचा जिन्नसही न धुता चालत नसे, त्यांच्या या कन्येने प्लेगाच्या रोग्यांस आपल्या हातांनी उचलले.

आता या घराचा आपल्या जिल्ह्याशी जो संबंध आहे तो सांगितला पाहिजे. १९०७ साली जळगाव येथे मराठी कवींचे पहिले संमेलन भरले. त्यात धरणगावास जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने आपली कविता म्हणून दाखविली आणि सभा चकित झाली. त्यास तेथेच ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळक त्या संमेलनास आले होते. त्यांनी या गरीब मुलाचे तेज पाहिले आणि आपल्या शिरस्त्याप्रमाणे त्यास घरी नेले. नगरास तो टिळकांच्या घरात घरचाच होऊन राहिला. अत्यंत हळवा, लहरी, क्षणात हसणारा, क्षणात रुसणारा असा हा मुलगा सांभाळणे सोपे नव्हते. कवितेपुरते त्यास टिळकांनी सांभाळले. बाकी खाणेपिणे, रुसवेफुगवे, दुखणीबाणी यांपुरते लक्ष्मीबाईंनी. दत्तूस त्याच्या रूपाने थोरला भाऊ मिळाला. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिला. त्या घरची माया काही धर्मांतराच्या अटीवर मिळत नव्हती. निराळ्या चुलीची अट एके काळी ज्यांस मान्य करून मिळाली होती, त्या बाईंनी दुसऱ्याच्या श्रद्धेस तोच मान द्यावा, हे सुसंगतच झाले.

५ मे १९१८ रोजी जळगाव व भुसावळ यांच्या दरम्यान भादली स्टेशनापाशी रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून बालकवीचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. मराठी कविता पोरकी झाली असे पुष्कळांनी म्हटले. टिळकांच्या घरातील मात्र एक मूलच गेले.

टिळकांच्या मनात या सुमारास निराळेच वारे वाहात होते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडून दिला व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ख्रिस्ताचे अनुयायी होऊ इच्छिणाऱ्या सर्वांनी, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, बंधुभावाने एकत्र यावे, असा त्यांचा मनोदय होता. कल्पना उदात्त होती. पण पगार गेला म्हणजे घरात काय जाते, हे लक्ष्मीबाईंइतके कोणास ठाऊक? तारुण्यात पतीने अशी नोकरी सोडली की, त्या रडत. आता त्यांनी साथ दिली. काळजी गेली होती असे नव्हे; काळजी असूनही साथ दिली, यातच वर सांगितलेला फरक पुरा झाला. शुभवर्तमानातील गरीब विधवेने आपल्या उपजीविकेच्या दोन दमड्या दानपात्रात टाकिल्या, ती एकटी होती. येथे त्या दमड्या दोघांच्या होत्या, आणि या वेळी दोन्ही हात मिळून पुढे झाले.

दरबार फार दिवस चालावयाचा नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईस जे. जे. रुग्णालयात टिळक निवर्तले. पैसाअडका मागे काही नव्हता, आणि नसणारच. मागे राहिले ते ‘ख्रिस्तायन’ नावाचे एक अपुरे महाकाव्य, जेमतेम दहा-अकरा अध्यायांचे.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. पुढील वर्षांत त्यांनी पोटासाठी कामे केली. मुलाच्या संसाराबरोबर कराचीपर्यंत जाऊन आल्या. शेवटी नाशिकास स्थिर झाल्या. आणि ज्या बाईचे शिक्षण कोणत्याही शाळेत झाले नव्हते, ती पतीचे महाकाव्य पुरे करावयास बसली. ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओव्यांत गाण्याची परंपरा जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचिलेल्या व १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’पासूनची, तीन शतकांनंतर त्या वाटेने नाशिकची ही म्हातारी चालू लागली. एक-दोन नव्हे, चौसष्ट अध्याय त्यांनी रचले. पतीच्या कीर्तीचे मंदिर त्यांनी स्वतःच्या श्रमाने बांधिले, आणि त्यातील तीन हिश्शांहून अधिक चिरे त्यांचे असूनही दारावर नाव दोघांचे राहू दिले.

त्यांच्या सर्वांत मोठ्या दानाचा उल्लेख मात्र अजून व्हावयाचा आहे. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. मराठीत पतीविषयी पत्नीने लिहिलेल्या आठवणी यापूर्वीही होत्या. पण असे लेखन नव्हते. टिळकांचा राग, त्यांचे पळून जाणे, रिकामे डबे, स्वतःचे अज्ञान, स्वतःचा हट्ट, सारे काही बाईंनी सरळ सांगून टाकले आहे. आणि ते सांगताना त्या हसत आहेत. जिने इतके सोसले तिने ग्रंथ लिहावयास घेतला तर हिशेब चुकता करण्याचा मोह किती मोठा! लक्ष्मीबाईंनी खरे ते सगळे सांगितले, पण जमाखर्च मांडला नाही. वाचकास टिळकांचा प्रत्येक दोष दिसतो आणि तरी तो मनुष्य वाचकास प्रियच होतो. मृत माणसाविषयी खरे बोलणे व त्यास प्रेमाने सांभाळणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करून दाखविणारे पुस्तक आम्हांस दुसरे ठाऊक नाही. संसारात जे अन्न त्या वाढीत आल्या, तेच त्यांनी शेवटी शब्दांतून वाढले.

हा ग्रंथ आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणला जातो. त्याची इंग्रजी भाषांतरेही झाली आहेत. ज्यांच्या घरी तो नसेल त्यांनी तो अवश्य आणून घ्यावा व सायंप्रार्थनेनंतर कुटुंबात एकेक प्रकरण मोठ्याने वाचावे. मुले हसतील, आणि मोठी माणसे एकमेकांकडे पाहतील.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग त्यांच्या पश्चात त्याच वर्षी निघाला. ‘ख्रिस्तायना’चा शेवटचा, शहात्तरावा अध्याय लिहावयाचा राहिला होता, तो देवदत्ताने लिहिला, आणि पिता, माता व पुत्र या तिघांच्या हातचे ते काव्य १९३८ साली छापून प्रसिद्ध झाले.